वहिनींचं हसू आणि भाऊजींचा गुणाकार

बाई गणित विभागात शिकवत आणि भौतिकशास्त्र विभागाचा तिरस्कार करत. पहिल्या कामाचा त्यांना पगार मिळे, दुसरं त्या आवडीने करत.

दोन्ही विभाग एकाच मजल्यावर होते. मध्ये एक लांब व्हरांडा आणि पाण्याचा एक कूलर. त्या कूलरमधून पाणी येत नसे, आणि पाणी येत नाही या विषयावर दोन्हीकडचे लोक त्याच्याभोवती उभे राहून बोलत. विभागांमधलं सहकार्य ते एवढंच. विद्यार्थी बाईंना पाठीमागे ‘कात्री’ म्हणत. बाईंना ते माहीत होतं आणि त्यांची हरकत नव्हती. विद्यार्थ्यांना एखादी तरी गोष्ट नेमकी सांगता आली याचं त्यांना बरंच वाटे.

त्यांचा विषय व्हर्टेक्स अल्जिब्रा. हे काय असतं, असं लोक सहसा विचारत नाहीत. कुणी विचारलंच तर बाई सांगत, आणि मग तो माणूस पुन्हा विचारत नसे. साध्या गुणाकारात दोन गोष्टी घेतल्या की तिसरी मिळते आणि माणूस घरी जायला मोकळा होतो. इथे दोन गोष्टी दोन वेगळ्या बिंदूंवर ठेवायच्या आणि ते बिंदू एकमेकांजवळ सरकवायचे. उत्तर म्हणून एक वस्तू मिळत नाही, न संपणारी रांग मिळते. रांगेतले पुढचे काही मानकरी, बिंदू जवळ येतील तसे, अनंताकडे फुगत जातात. बाकीचे शहाण्यासारखे वागतात.

हे प्रकरण भौतिकवाल्यांच्या हाती लागलं ते, जगातला प्रत्येक कण म्हणजे एक थरथरणारी बारीक तार आहे असं त्यांच्या डोक्यात शिरलं तेव्हा. दोन तारा जिथे जुळतात त्या सांध्याचा हिशेब त्यांना हवा होता. तो त्यांनी वर्षानुवर्षं केला, पानंच्या पानं केला, आणि आपण नक्की कशाचा हिशेब करतोय याची व्याख्या करायचं काम तेवढं राहून गेलं. मग गणितवाले आले, त्यांनी सगळं विसळून, निथळून, चार नियमांत बसवलं. बाईंच्या मते हे म्हणजे पाहुणे जेवून भांडी तशीच टाकून जातात, कुणीतरी ती घासून ठेवतं, आणि पुढच्या खेपेला तेच पाहुणे विचारतात, की एवढं घासायची गरज काय होती, जेवण तर झालंच होतं.

वाईट एवढंच होतं, की जेवण खरंच झालेलं असे. भौतिकवाले नियम गाळत, पायऱ्या खात, अनंत आलं की त्याला टाचेखाली घेत, आणि शेवटी उत्तर बरोबर येई. विश्व त्यांना सामील आहे, असं बाईंचं स्पष्ट मत होतं आणि ही विश्वाची एक वाईट सवय आहे, असंही.

हा तिरस्कार व्हरांड्यापुरता राहिला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण भौतिकशास्त्र विभागातला एक माणूस रोज संध्याकाळी बाईंच्याच घरी जेवायला येई, कारण ते घर त्याचंही होतं. तो त्यांचा धाकटा दीर.

बाईंचं लग्न झालं तेव्हा हा दीर शाळेत होता. लग्न कसं झालं हेही सांगण्यासारखं आहे. स्थळं येत आणि प्रत्येक मुलगा विचारी, विषय कोणता, आणि उत्तर ऐकून म्हणे, ‘अरे वा, मला गणित कधीच जमलं नाही,’ आणि असं म्हणताना तो हसे, जणू त्याने काही कमावलंय. नळ, टाइल्स आणि वॉशबेसिनच्या दुकानाचा मालक असलेल्या मुलाने मात्र काहीच विचारलं नाही. तो म्हणाला, “घरात दिवसभर पाणी असतं.” बाईंनी होकार दिला. त्या लग्नाबद्दल त्यांना पुढे कधी पश्चात्ताप झाला नाही, जो त्यांना जवळपास प्रत्येक सेमिनारबद्दल होत असे.

दिराला बीजगणित त्यांनीच शिकवलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कणकेचे हात धुऊन. मुलगा हुशार होता, कंस नीट घाली, प्रत्येक पायरी खालीखाली लिही. सासूबाई म्हणत, सून आली आणि पोराला मार्गी लावलं. मग कॉलेजात गेला आणि भौतिकशास्त्र घेऊन आला. बाईंनी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. नवऱ्याला मात्र त्या म्हणाल्या, की घरातला मुलगा वाया जातो तेव्हा तो आधी पायऱ्या गाळायला लागतो. “अगं, पास होतोय ना?” नवरा म्हणाला. बाई म्हणाल्या, होतोय, हेच तर वाईट आहे.

आता भाऊजी चाळिशीच्या उंबरठ्यावर आले होते आणि अजून हंगामी होते. दर वर्षी नेमणूक, दर वर्षी मुदतवाढ, दर वर्षी विभागप्रमुखांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसणं. या वर्षी कायमची जागा निघाली होती, आणि नियमाप्रमाणे पुढच्या वर्षी त्यांचं वय बसत नव्हतं. म्हणजे मिळाली तर याच खेपेला. नाही तर दादाच्या दुकानात गल्ल्यावर. दादाची काही हरकत नव्हती. त्याने त्यासाठी एक फिरती खुर्ची पाहूनही ठेवली होती, आणि ही खुर्ची भाऊजींच्या झोपेत येत असे.

निवडीसाठी उमेदवाराने आपल्या कामावर एक व्याख्यान द्यायचं होतं. समितीत भौतिकचे विभागप्रमुख होते, ज्यांचा विषय ध्वनिशास्त्र आणि आवड बागकाम. कुलसचिव होते, ज्यांचा विषय नियमावली. आणि बाहेरून बोलावलेले एक तज्ज्ञ होते. तज्ज्ञांची कीर्ती मोठी होती. ते इतक्या समित्यांवर होते, की शेवटचं गणित त्यांनी कधी केलं हे त्यांनाही सांगता आलं नसतं. ते बोलत कमी आणि मान फार चांगली डोलावत. बाई नात्यातल्या, म्हणून समितीत नव्हत्या. पण व्याख्यान सगळ्यांना खुलं होतं, आणि त्या दुसऱ्या रांगेत बसल्या.

आदल्या आठवड्यात भाऊजींनी त्यांना विचारलं होतं, “वहिनी, एकदा नजर टाकता का?” बाईंनी विचारलं, की सगळ्या पायऱ्या लिहिल्यात का. भाऊजी म्हणाले, महत्त्वाच्या लिहिल्यात. बाई म्हणाल्या, मग बिनमहत्त्वाच्या लिहून झाल्या की दाखवा. त्यांनी दाखवलं नाही आणि यांनी पुन्हा विचारलं नाही.

भाऊजी फळ्यापाशी बरे दिसत होते. इस्त्रीचा शर्ट होता, आवाज खणखणीत होता. एका सपाट, दोन मितींच्या जगात कितीही उलथापालथ झाली तरी न बदलणारी एक राशी त्यांना सापडली होती, ती त्यांना दाखवायची होती. त्यासाठी त्यांनी दोन क्षेत्रांचा, म्हणजे बिंदूंवर ठेवायच्या त्या दोन गोष्टींचा, तो खास गुणाकार घेतला, जो या विषयात पदोपदी लागतो: बिंदू जवळ आणायचे, फुगणारा भाग काढून टाकायचा, आणि उरेल त्याला गुणाकार म्हणायचं. याला सगळे ‘नॉर्मल’ गुणाकार म्हणतात. यात डावं-उजवं केलं तर उत्तर बदलतं. इतक्या विक्षिप्त गोष्टीला नॉर्मल म्हणावंसं फक्त भौतिकवाल्यांना वाटू शकतं, असं बाई दर वर्षी पहिल्या तासाला सांगत.

आणि भाऊजींनी एका ओळीत जे डावीकडे होतं ते पुढच्या ओळीत उजवीकडे लिहिलं. काही न बोलता. बाजारात पिशवी या हातातून त्या हातात घ्यावी तसं.

बाईंनी हात वर केला नाही. त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, “हे दोन्ही कधीपासून सारखे झाले?”

भाऊजींनी फळ्याकडे पाहिलं. “हे? हे आम्ही नेहमी असंच करतो.”

आणि बाई हसल्या.

त्यांचं हसणं मोठं नव्हतं, लांबही नव्हतं. पण ते नेमकं होतं, आणि विभागात असा कुणी नव्हता ज्याने ते कधी ना कधी अंगावर घेतलं नव्हतं. भाऊजींच्या हातातला खडू तसाच राहिला. पुढच्या ओळी त्यांनी लिहिल्या, पण परकं सामान उचलून ठेवल्यासारख्या. तज्ज्ञांनी एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा फळ्याकडे, आणि खोलवर, सावकाश मान डोलावली. “गंभीर आहे,” ते म्हणाले. विभागप्रमुखांनीही मान डोलावली. कुलसचिवांनी ‘गंभीर’ असं लिहून घेतलं.

त्या दिवसापासून घरात बोलणं कमी झालं. भाऊजी वरच्या खोलीत जेवायला लागले. सासूबाईंना व्हर्टेक्स अल्जिब्रा कळत नव्हतं, पण कोण कुणाला हसलं एवढं कळायला ते लागत नाही. त्या सुनेला म्हणाल्या, “चूक होती तर घरी सांगायची होतीस. चारचौघांत कशाला?” बाई म्हणाल्या, चूक चारचौघांत केली होती. सासूबाईंनी यावर पातेल्यावर झाकण ठेवलं, जरा आवाज करून.

नवरा तटस्थ राहिला, म्हणजे दुकानात जास्त वेळ बसू लागला. एका दुपारी त्याला एका गिऱ्हाइकाच्या घरी गळती बघायला जावं लागलं आणि दुकान सांभाळायला बाई आल्या. गल्ल्यामागे बसून त्यांनी कागद ओढला. दुसऱ्या दिवशी वर्गात भाऊजींचं उदाहरण द्यायचं त्यांनी ठरवलं होतं. नाव न घेता, म्हणजे सगळ्यांना कळेल असं. नुसतं ‘चुकीचं’ म्हणणं त्यांना शोभलं नसतं. किती चुकलं, हे आकड्यानिशी दाखवायला हवं होतं. म्हणून त्यांनी डावं-उजवं केल्याने पडणारा फरक काढायला घेतला.

फरक निघाला. चांगला लांबलचक निघाला. बाईंना समाधान वाटलं. मग त्या तो भाऊजींच्या पुढच्या पायरीत घालू लागल्या. पुढची पायरी काय होती, हे त्या दिवशी हसण्याच्या नादात त्यांनी धड पाहिलं नव्हतं. भाऊजी त्या गुणाकाराची एका बंद वर्तुळावरून बेरीज घेत होते. आणि फरकातलं प्रत्येक पद कशाचा तरी चढउतार होतं, कशाचं तरी अवकलन. माणूस घरातून निघाला, जिने चढला, उतरला, गावभर भटकला आणि परत त्याच दारात आला, तर चढ आणि उतार यांची बेरीज काय होते, हे सांगायला गणिताची पदवी लागत नाही.

शून्य.

बाईंनी पुन्हा केलं. शून्य. पहिलं पद सुटं करून पाहिलं. शून्य. एक शेजारीण वॉशबेसिनचा नळ मागायला आली, तिला त्यांनी शॉवर दिला. तिने तो परत केला, तेव्हा दुसरा शॉवर दिला.

डावं-उजवं एरवी करता येत नव्हतं, बाई तिथे बरोबर होत्या. पण या हिशेबात ते केलं काय, न केलं काय, भाऊजींच्या राशीला धक्का लागत नव्हता. चूक ओळीत होती आणि निष्कर्षात नव्हती. आणि ही गोष्ट, जी बाईंच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने पाहिली नसती तर बाई त्याला हसल्या असत्या, ती बाईंनी पाहिली नव्हती.

नवरा परत आला तेव्हा त्याने बायकोचा चेहरा पाहून विचारलं, “काय गं, काही विकलं का?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “परत घेतलं.”

सकाळी त्या विभागप्रमुखांकडे गेल्या. ते कुंडीतल्या रोपाला पाणी घालत होते. बाईंनी सांगितलं, की आपला आक्षेप निष्कर्षाला लागू होत नाही. विभागप्रमुखांनी झारी खाली ठेवली आणि त्यांच्याकडे सहानुभूतीने पाहिलं. घरचा दबाव ते समजू शकत होते, असं ते म्हणाले. त्यांनाही एक मेहुणा होता. बाई म्हणाल्या, दबाव नाही, शून्य आहे. विभागप्रमुख म्हणाले, ते असेलही, पण आता प्रश्न बाईंचा राहिलेला नाही. तज्ज्ञांनी मान डोलावली आहे. तज्ज्ञांची मान परत कशी घेणार?

पण बाईंना समितीपुढे यावंच लागणार होतं, कारण समितीची एक पंचाईत झाली होती. भाऊजींना नाकारायचं तर कारण लिहायला हवं, आणि कारण काय आहे हे समितीतल्या कुणालाच माहीत नव्हतं. कुलसचिवांच्या कागदावर फक्त ‘गंभीर’ एवढंच होतं. तेव्हा शेवटच्या बैठकीला बाईंनी येऊन आक्षेप सोप्या भाषेत सांगावा, म्हणजे तो इतिवृत्तात घालता येईल, अशी विनंती त्यांना करण्यात आली.

बाई आल्या. भाऊजी बाहेर बाकावर होते, कुठल्याशा खिळ्याकडे बघत. त्यांच्याकडे न पाहता त्या आत गेल्या, आणि फळ्यावर ती ओळ आणि तिच्याखालची ओळ लिहिली. मग खडू तज्ज्ञांच्या पुढ्यात ठेवला.

“आक्षेप तुम्हीच समजावून सांगा,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला पटला होता.”

तज्ज्ञ प्रसन्न हसले. बाईंनी तो नामी मांडलाच आहे, आपण आणखी काय बोलणार, असं त्यांनी सुचवलं. बाई म्हणाल्या, मी मांडला नाही, मी हसले होते. तज्ज्ञांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. साधारणपणे या प्रकारच्या मांडणीत क्रमाला फार महत्त्व असतं, असं ते म्हणाले.

“साधारणपणे नको. क्रम बदलल्याने इथे फरक किती पडतो, तेवढं लिहा.”

खोलीत पंखा फिरत होता. तज्ज्ञ उठून फळ्यापर्यंत गेले. त्यांनी खडू हातात घेतला आणि पहिल्या ओळीखाली एक रेघ मारली. रेघ चांगली सरळ होती. मग ते तिच्याकडे पाहत राहिले, आणि बाकीचे त्यांच्याकडे. विभागप्रमुखांनी खिडकीबाहेरच्या झाडात एकाएकी रस घेतला.

बाईंनी त्यांना भरपूर वेळ दिला. इतका, की ते औदार्य नाही हे कुलसचिवांनाही कळलं. मग त्यांनी खडू परत घेतला, फरक लिहिला, वर्तुळ काढलं, आणि खाली शून्य काढून त्याला गोल केला.

“मी चुकले,” त्या म्हणाल्या. “मी ओळ पाहिली आणि पुढची पाहिली नाही. हिशेब केला तेव्हा मला माझी चूक सापडली. तुम्ही कशाला मान डोलावलीत, सर?”

तज्ज्ञांनी बोटांवरची खडूची भुकटी झटकली.

कुलसचिव खाकरले. त्यांना फक्त लिहायचं काय ते हवं होतं. “म्हणजे उमेदवार बरोबर आहे, असं धरायचं का?”

“उत्तर बरोबर आहे. उमेदवाराबद्दल मी काय सांगू, मी त्याची भावजय आहे.”

पुढचं काम फार लवकर झालं. शून्य कुणालाच कळलं नव्हतं. जसं त्या दिवशी हसू कशाचं हे कळलं नव्हतं. पण तो खडू आता आपल्यापुढे येऊ शकतो एवढं प्रत्येकाला कळलं होतं. विभागप्रमुखांनी उमेदवाराच्या चिकाटीबद्दल दोन शब्द काढले. तज्ज्ञांनी सही केली, आणि सही करताना, सवयीने, मान डोलावली.

बाई बाहेर आल्या. भाऊजी उभे राहिले. निवड झाली, असं बाईंनी सांगितलं. भाऊजी परत खाली बसले आणि बराच वेळ दोन्ही हातांनी तोंड झाकून होते. बाई वाट बघत थांबल्या. त्यांना माफी वगैरे मागायची होती, आणि त्याचा सराव नव्हता.

“वहिनी,” भाऊजी शेवटी म्हणाले, “एक विचारू? तो फरक शून्य का येतो?”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. “म्हणजे? तुम्हाला माहीत नव्हतं?”

“नाही. आम्ही नेहमी असंच करतो. चालतं.”

समितीचं दार अजून लोटलेलंच होतं, कडी लागलेली नव्हती. आत कागद गोळा करत असल्याचा आवाज येत होता. बाईंनी त्या दाराकडे बघितलं. थोडा वेळ बघितलं. मग त्यांनी पर्समधून पेन काढलं आणि भाऊजींच्या शेजारी बाकावर बसून पहिल्या व्याख्येपासून सुरुवात केली. भाऊजींनी सगळं मन लावून ऐकलं, आणि शेवटी म्हणाले, “हां, म्हणजे तेच. मला वाटलंच होतं.”

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं, आणि भाऊजींनी चपला काढता काढता सांगितलं, “वहिनींची चूक निघाली, म्हणून मला नोकरी लागली.”

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांच्या नजरेत तिच्याविषयी थोडीशी माया दिसली.

बाई काहीतरी बोलणार होत्या. मधल्या किमान चार पायऱ्या गाळलेल्या होत्या. पण निष्कर्षात बोट ठेवायला जागा नव्हती, आणि पायातल्या चपला काढायच्या होत्या, म्हणून त्या खाली वाकल्या.